योगाच्या बाई

“उजवा पाय वर,” बाई म्हणाल्या आणि स्वतः डावा उचलला.

वॉर्डातल्या सगळ्या पोरांनी निमूट डावा उचलला. कोणी हसलं नाही. ज्यांना उभं राहवत नव्हतं त्यांनी खाटेवर बसून पायाची बोटं हलवली. एका पोराच्या हाताला सलाईन होतं, त्याने दुसरा हात वर नेला आणि डोळे मिटले.

हर्षदला याचं नवल वाटायचं. तो शाळेत असताना पीटीच्या सरांनी अशी चूक केली असती, तर त्याच्या वर्गाने त्यांना आठवडाभर सळो की पळो करून सोडलं असतं. इथली पोरं वेगळीच. केमोने केस गेलेली, तोंड आलेली आणि म्हाताऱ्यांसारखी समजूतदार.

फक्त त्याची लेक क्रांती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

थळहून तिला रेवसच्या वाटेवरच्या या ट्रस्टच्या हॉस्पिटलात आणलं, त्याला महिना होत आला. बायको घरी बाळंतीण, म्हणून हर्षदने टेम्पो भावाच्या हवाली केला आणि तो पोरीपाशी राहिला. दुसऱ्या केमोनंतर क्रांतीने बोलणं टाकलं. मग उठणं टाकलं. घरी तिची टकळी बंद व्हावी म्हणून शेजारणी हात जोडायच्या. आता विचारलं तर मानही हलत नव्हती.

डॉक्टरांनी आदल्या दिवशी स्पष्टच सांगितलं होतं, “अशीच पडून राहिली तर छाती भरेल. मग पुढची केमो थांबवावी लागेल. तिला उठवा. बाईंबरोबर हातपाय हलवू दे.”

केमो थांबली तर पुढे काय, हे हर्षदने विचारलं नाही. त्याला ते कळत होतं. सुरुवातीला भीती वाटायची, आताशा तीही वाटेनाशी झाली होती. तो चहा आणायचा, डबा धुवायचा, सांगतील तिथे सही करायचा. उरलीसुरली आशा त्याने त्या बाईंवर टाकली होती.

बाईंचं नाव सुचिता. रोज सकाळी मुरुडहून एसटीने यायच्या. अंगाने सुकटीसारख्या वाळलेल्या, पदर कमरेला खोचलेला आणि आवाज इतका बारीक की पंख्याच्या घरघरीत अर्धा विरून जायचा. तीनच आसनं शिकवायच्या आणि त्यातही मधेच कुठेतरी हरवायच्या. हात वर तसाच राहायचा. मग मृणाली, वॉर्डातली सगळ्यांत थोरली पोर, हळूच म्हणायची, “बाई, आता श्वास सोडायचा ना?”

“हो, हो. सोडा,” बाई म्हणायच्या.

पण हॉस्पिटलात त्यांचा मान मोठा. आयाबाई चहा आणून समोर उभी राहायची ती कप रिकामा होईपर्यंत हलायची नाही. मोठ्या सिस्टर येता-जाता विचारायच्या, “सकाळी काही खाल्लं का?” हर्षदला महिनाभरात असं कोणी विचारलं नव्हतं. बाई कोणीतरी नावाजलेल्या असणार, असं त्याने ठरवून टाकलं.

आणि क्रांतीवर त्यांचा खास जीव. वर्ग संपला की तिच्या खाटेपाशी येऊन थांबायच्या. बोलायच्या काही नाहीत. चादरीचं टोक ओढून नीट करायच्या, गादीवरून हात फिरवायच्या आणि जायच्या.

त्या दिवशी हर्षदला राहवलं नाही. त्याने हात जोडले. “बाई, माझ्या पोरीला उठवा. मी सगळं करून बगितलं. आता तुमीच कायतरी करा.”

“मी?” बाई म्हणाल्या. त्यांनी चादरीचं टोक पुन्हा ओढलं. मग म्हणाल्या, “उद्या येते हं मी.”

मोठी माणसं कमीच बोलतात, हर्षदला वाटलं.

संध्याकाळी तो औषधं घेऊन वर आला, तर मृणाली क्रांतीच्या उशाशी बसून तिच्या कानाला लागली होती. त्याला बघताच ती उठली.

“काय गो, काय चाललंय?”

“काय न्हाय काका. गोष्ट सांगत होते.”

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. “हात वर,” म्हणाल्या. तेवढ्यात मागे खाट करकरली.

क्रांती उठून बसली होती. तिने पाय खाली सोडले. हर्षद धावला, तर तिने त्याचा हात बाजूला सारला. खाटेचा दांडा धरून ती उभी राहिली. एक हात तिने जेमतेम खांद्यापर्यंत नेला.

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांचे हात वरच राहिले.

“बाई, आता श्वास सोडायचा ना?”

बसलेला, खरखरीत आवाज. पण क्रांतीचा.

“हो, हो,” बाई म्हणाल्या. “सोडा.”

हर्षदला रडू फुटलं. महिनाभराचं सगळं एकदमच आलं. वर्ग संपल्यावर त्याने सरळ जाऊन बाईंचे पाय धरले. बाई गोंधळून मागे सरकल्या. आयाबाई त्यांना दंडाला धरून चहाला घेऊन गेली.

मग तो पेजेची वाटी घेऊन क्रांतीपाशी बसला. तिने तोंड उघडलं. तो हरखून गेला. “बघ बाय, शेवटी योगाच्या बाईंनीच उठवलं तुला. शिकलेल्या माणसाची गोष्टच न्यारी.”

क्रांतीने घास गिळला.

“त्या योगाच्या बाई न्हाईत, बाबा. त्यांना योगा येत पण न्हाय. त्यांचा पोरगा निकेत हितं होता, ह्याच खाटेवर. तो गेला तरी त्या रोज यायच्या आन् भायेर बाकावर बसून राहायच्या. जेवायच्या पण न्हाईत. मग मृणालीताईनं त्यांना सांगितलं, आमाला योगा शिकवा.” तिने पुढच्या चमच्यासाठी तोंड उघडलं, मग मिटून घेतलं. “आपण उठलो न्हाय, तर त्या परत बाकावर जाऊन बसतील.”