छातीभर पाण्यात

"ज्याचा पाया पक्का, त्याला समुद्रसुद्धा बुडवू शकत नाही," पोहण्याच्या तलावाच्या काठावर छाती काढून प्रशिक्षक, ज्याला त्याच्या वेगामुळे सगळे देवमासा म्हणत, म्हणाला आणि मुद्दा ठसावा म्हणून त्याने उजवा पाय फरशीवर आपटला. पायातली रबरी चप्पल निसटली, ओल्या फरशीवरून घसरत गेली आणि पाण्यात पडली. बुडाली मात्र नाही. मजेत तरंगत राहिली.

छातीभर पाण्यात उभ्या असलेल्या अकरा बायका खुदखुदल्या. सगळ्या साठीच्या पुढच्या, सगळ्यांच्या डोक्याला घट्ट रबरी टोप्या. अकरावी देवमाशाची सासू. घरातून निघतानाच त्याने त्यांना बजावलं होतं की तलावात 'जावईबापू' म्हणायचं नाही, 'सर' म्हणायचं. आणि तोही त्यांना 'आई' म्हणणार नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

काठावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत तलावाचे चिटणीस मांडीवर वही घेऊन बसले होते. मुख्य प्रशिक्षकाची जागा भरायची होती. देवमाशाची पदकं अर्धं कपाट अडवून होती, त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं. शिकवता येतं का, एवढंच चिटणिसांना बघायचं होतं. देवमासा सात वर्षं या जागेकडे डोळे लावून होता.

धडा पहिला होता. पाण्यावर उताणं पडून राहायचं, हातपाय न हलवता. एरवी हा धडा त्याची मदतनीस घ्यायची. मंडळी तरंगायला लागली की मग देवमासा यायचा आणि हात कसे मारायचे ते शिकवायचा. आज मदतनीस तापाने अंथरुणाला खिळली होती.

त्याने समजावून सांगितलं, आणि फार सुंदर सांगितलं. कान पाण्यात जाऊ द्या. हनुवटी वर, पोट वर. छातीत श्वास भरून घ्या आणि दमून आल्यावर गादीवर अंग टाकता तसं टाका. एका बाईंनी भीतभीत विचारलं, डोक्याखाली धरलेला तुमचा हात सोडताना सांगाल ना? देवमासा हसला. चिटणिसांना ऐकू जाईल अशा बेताने तो म्हणाला की भीती ज्याची त्याने घालवायची असते, सांगून सोडलं की माणूस जन्मात शिकत नाही. चिटणिसांनी वहीत काहीतरी टिपलं.

"सर, आधी तुम्ही दाखवा ना," सासूबाई म्हणाल्या.

गोम इथेच होती. देवमाशाला तरंगता येत नव्हतं. लहानपणी तरंगायच्या चार दिवसांना त्याने दांडी मारली होती आणि पाचव्या दिवशी थेट शर्यतीत उतरून पहिला आला होता. पहिल्या आलेल्या पोराला, बाबा रे, तुला नुसतं थांबता येतं का, असं कोण विचारतं? पुढे तीस वर्षं तो वेगातच होता, म्हणून वरही होता. थांबला की आधी टाचा खाली जायच्या, मग गुडघे, मग उरलेला संसार.

तो पाण्यात उतरला आणि उताणा झाला. हात पसरले, डोळे मिटले. पाण्याखाली टाचा हळूहळू, चोरून हलत होत्या. काठावरून बघणाऱ्याला वाटावं, गृहस्थाची दुपारची झोप चालली आहे. चिटणिसांनी मान डोलावली.

सासूबाई मात्र पाण्यात होत्या, अगदी त्याच्या पायांपाशी. त्यांच्या पोटाला पाण्याचे धक्के बसत होते.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "हलवायचे नाहीत ना? मग पाय कशाला मारताय?"

बोलण्यात कुजकटपणा नव्हता. शिकायचं होतं म्हणून विचारलं होतं, आणि तेच जास्त लागलं. देवमाशाने पाय थांबवले. टाचा गेल्या, गुडघे गेले, नाकातोंडात पाणी गेलं. ठसकत, धडपडत तो उभा राहिला तेव्हा टोपी एका कानावर आली होती आणि पाणी त्याच्या बेंबीच्या जेमतेम वर होतं. चपलेला हसलेल्या बायका आता हसल्या नाहीत. सगळ्या एकदम आपापल्या टोप्या नीट करायला लागल्या.

"पायात गोळा आला वाटतं?" चिटणिसांनी विचारलं. भला माणूस. नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं.

देवमाशाने हो म्हणायला तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात त्याची नजर बाजूला गेली. सासूबाईंनी कान पाण्यात सोडले होते. हनुवटी वर, पोट वर, त्याने सांगितलं होतं अगदी तसं. अडुसष्ट वर्षांची, जिना चढताना दोनदा थांबणारी बाई पाण्यावर पडून होती आणि तिचं एक बोटही हलत नव्हतं.

"असंच ना, सर?" त्यांनी विचारलं.

देवमाशाच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"गोळा नाही आला," तो चिटणिसांकडे न बघता म्हणाला. "मला हे येत नाही."

चिटणिसांचं पेन वहीवर तसंच थांबलं. सासूबाई उभ्या राहिल्या, तोंडावरचं पाणी त्यांनी निपटलं आणि दोन्ही हात पाण्याखाली पुढे केले, तळवे वर करून. देवमाशाने डोकं मागे टाकलं. कान पाण्यात गेले तसा सगळा तलाव गप्प झाला. वरचं आकाश दिसत होतं, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तरंगत चाललेली चप्पल.

"आई," तो हळूच म्हणाला, "सोडताना सांगा."