इष उतरतंय

“टाक. माजे चालते पाय टाक चुलीत,” धुरपदाबाई म्हणाली.

अर्पिताने डबा उलटा केला. तेलकट कागदाच्या पुड्या जाळावर पडल्या आणि चुरचुरत काळ्या झाल्या. दोन तिने आधीच बाजूला काढल्या होत्या, पुरावा म्हणून. दारात धुरपदाबाईचा मुलगा, अर्पिताचा नवरा बलभीम उभा होता, ओट्यावर शेजारची गजराबाई आणि गल्लीतल्या आणखी तिघी. पाच ऑगस्ट, मंगळवार. म्हातारीचा देवीचा उपास.

“ह्यात स्टेरॉइड आहे, आत्याबाई. लातूरच्या लॅबचा कागद आहे हा.” अर्पिताने पर्समधून कागद काढला. घड्यांवर तो विरून फाटायला आला होता. “तीन वर्षं रोज हे खाताय तुम्ही.”

“खाते तर काय झालं? गुडघं चालत्यात माजे. तुज्या पुस्तकात गुडघं हायती का, मास्तरीणबाई?”

ओटा हसला. अर्पिताही हसली.

धुरपदाबाई दर पौर्णिमेला तुळजापूरला जायची आणि येताना रस्त्याकडेच्या एका वैदूकडून महिन्याच्या तीस पुड्या आणायची. तीन वर्षांपूर्वी तिला उंबरा ओलांडता येत नव्हता. आता ती शेतापर्यंत चालत जाऊन मजुरांना शिव्या घालून परत यायची. तोंड गोल गरगरीत झालं होतं. “म्हातारीनं उतारवयात बाळसं धरलं,” असं गजराबाई म्हणायची. हातपाय मात्र काडीसारखे होते, आणि नख लागलं तरी कातडी निळी पडायची. गावानं तोंड जमेला धरलं, हातपाय कुणी मोजले नाहीत.

अर्पिता कळंबच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. मेंदूखालची पियूषिका ग्रंथी शिकवताना सांगायची, “वाटाण्याएवढी गाठ, पण साऱ्या ग्रंथींवर हुकूम तिचा.” वर्गात सगळ्यात जास्त राजनंदिनी हसायची. ती अर्पिताचीच मुलगी, बारावीत. तिला घरची आजी आठवायची.

हसण्यासारखं तेवढंच होतं. धुरपदाबाईनं राजनंदिनीचं लग्न ठरवलं होतं. माकणीचं स्थळ, धरणाखालची बागायत. येत्या रविवारी सुपारी फुटणार होती. पोरीला अजून अठरा भरले नव्हते. अर्पिता महिनाभर भांडली. धुरपदाबाईनं एका वाक्यात आटोपलं, “म्या हाय तवर ह्या घरात माजा शबुद.” बलभीम तेव्हाही दारातच उभा होता.

त्यानंतर अर्पिताने तो विषय काढला नाही. चाचणीचे पेपर तपासत बसली. कामात ती चोख. चुकीच्या उत्तराखाली बरोबर उत्तर लिहून, सही-तारीख टाकल्याशिवाय पेपर खाली ठेवायची नाही.

म्हणून पुड्या जळताना बलभीमला बरं वाटलं. एवढं वाजूनही बायकोला आपल्या मायच्या जिवाची काळजी होती.

बुधवारी धुरपदाबाई अंथरुणातून उठली नाही. अंग ठणकत होतं. गुरुवारी उलट्या लागल्या.

“तीन वर्षांचं विष आहे,” तिचं तोंड पुसत अर्पिता म्हणाली. “निघताना त्रास होणारच.”

हे गावाला पटलं. साप चावलेला माणूसही ओकतोच की. गजराबाई दारोदार सांगून आली, “इष उतरतंय.” लोक बघायला यायचे, घटकाभर बसायचे आणि “निघू द्या, निघू द्या” म्हणत चहा पिऊन जायचे.

अर्पिताने रजा टाकली. लिंबूपाणी चमच्याने पाजलं, लुगडी धुतली. गजराबाईनं आपल्या दोन्ही सुनांना मुद्दाम आणून ते दाखवलं.

राजनंदिनी आजीचे पाय चेपत बसायची. शुक्रवारी म्हातारीनं तिचा हात धरला.

“नंदे, एक पुडी आण की गं कुठनं तरी. तुज्या आईला सांगू नगं.”

राजनंदिनीने आईला सांगितलं. शहाणी मुलगी होती.

शनिवारी, पौर्णिमेच्या सकाळी, म्हातारी हाकेला ओ देईना. बलभीमने डॉक्टर आणला. त्याने दंडाला पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला.

“औषध कुठलं चालू आहे?”

“सध्या कुठलंच नाही,” अर्पिता म्हणाली.

“गोळीबिळी कायबी न्हाय, सायेब,” बलभीम म्हणाला.

“धाराशिवला हलवा. आत्ताच्या आत्ता.”

जीप येडशीच्या अलीकडूनच परत फिरली.

रविवारची सुपारी राहिली. पोलिसांनी वैदूला उचललं. अर्पिताने दोन पुड्या आणि लॅबचा कागद त्यांच्या हवाली केला. पेपरात तिचा फोटो आला. दिवस झाल्यावर माकणीचा निरोप आला, तेव्हा बलभीम बायकोच्या तोंडाकडं बघून म्हणाला, “पोरगी शिकू द्या म्हणतो म्या.” जन्मात पहिल्यांदा तो दारातून आत येऊन बोलला.

तेराव्यानंतर अर्पिता कामावर रुजू झाली. कपाटातला चाचणीचा गठ्ठा तसाच बांधलेला होता. तिने सुतळी सोडली आणि एकेक नाव पुकारत पेपर वाटले. राजनंदिनीचा पेपर तिच्या हातात दिला आणि पुढचं नाव घेतलं.

पंचवीसपैकी चोवीस. एक गुण कुठं गेला ते बघायला राजनंदिनीने पान उलटलं.

प्रश्न होता : अनेक वर्षे स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णाचे औषध एकदम बंद केल्यास काय होईल?

तिने लिहिलं होतं : दुष्परिणाम थांबून रुग्ण बरा होईल.

त्याखाली आईचं लाल, वळणदार अक्षर होतं : “चूक. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी तोवर झोपी गेलेल्या असतात. औषध थोडे थोडे कमी करावे. एकदम तोडल्यास अंग ठणकते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. वेळीच औषध परत न दिल्यास रुग्ण काही दिवसांत दगावतो.”

खाली सही. तारीख, चार ऑगस्ट.