काळी पाच

संत तुकाराम नगरातल्या सभागृहात भजन स्पर्धेसाठी मोशीच्या भजनी मंडळाचं नाव पुकारलं गेलं, आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून रणजीतनं पेटीचा पट्टी बदलायचा खटका सरकवला. आता बोटं काळी पाचवरच दिसणार होती, सूर मात्र एक पट्टी खालचा निघणार होता. घाम फुटला होता त्याला. पण बापाचा आवाज चारचौघांत पुन्हा फाटलेला ऐकायची त्याची छाती नव्हती.

बाप म्हणजे अर्जुनराव, मंडळाचे बुवा. त्यांच्या वडिलांपासून मंडळ काळी पाच या उंच पट्टीत गात आलेलं, आणि मेलो तरी खाली उतरणार नाही, हे बुवा चहाच्या टपरीवरही ऐकवत. गेल्या सप्ताहात वरच्या सुराला आवाज चिरकला, तेव्हा पखवाजवाले मारुतराव तोंडावर म्हणाले होते की तुमची काळी पाच गेली. बुवांनी पैज लावली. स्पर्धेत ती लागली, तर मारुतरावांनी सगळ्या मंडळासमोर कान धरायचा.

रणजीतनं सूर दिला. बुवा डोळे मिटून बसले होते. ते पेटी ऐकत नसत, पेटीनं त्यांना ऐकायचं असे. मारुतराव मात्र पखवाज सुरात मिळवायला वाकले, उजवा कान पेटीजवळ नेला आणि तिथंच थबकले. त्यांनी खटक्याकडे पाहिलं, मग रणजीतकडे. आपला पखवाज आयुष्यात कुणासाठी खालच्या पट्टीत उतरवला नाही, ही मारुतरावांची मिजास काही बुवांपेक्षा कमी नव्हती.

"काय झालं?" बुवांनी डोळे न उघडता विचारलं. "मिळंना व्हय?"

मारुतरावांनी हातोडी उचलली. "मिळतोय की. थांबा जरा." आणि ठोके देत त्यांनी पखवाज एक पट्टी खाली उतरवला.

बुवा गायले. वरचा सूर असा लागला की मागच्या रांगेतली माणसं पुढं येऊन बसली. रणजीतला रडू आलं आणि लाजही वाटली, दोन्ही एकदमच.

टाळ्या थांबायच्या आत बुवा वळले. "बोला मारुतराव. गेली का काळी पाच?"

"न्हाई," मारुतराव म्हणाले. "हाय तिथंच हाय."

"मग धरा."

टाळकरी हसायला लागले. मारुतरावांनी पखवाज मांडीवरून खाली ठेवला, आणि मघाशी पेटीजवळ नेलेला तोच उजवा कान सगळ्यांसमोर धरला.