श्वाससुद्धा ऐकू येतो

नवा अ‍ॅम्प्लिफायर मिरवायला नवऱ्याने मित्राला बोलावून घेतलं होतं. "डाव्या बाजूचं सर्किट वेगळं, उजव्या बाजूचं वेगळं. पॉवर सप्लायसुद्धा वेगळे. एकाच पेटीत राहून एकाचा दुसऱ्याला काडीचा त्रास नाही."

"आपल्यासारखंच," ती चहाचे कप ठेवत म्हणाली. मित्र हसला. नवरा व्हॉल्यूमच्या बटणावरचा बोटाचा ठसा फडक्याने पुसत होता.

माळ्यावर सापडलेली एक जुनी कॅसेट तिने डेकमध्ये सरकवली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. एक मुलगी गाऊ लागली.

"कोण गातंय?" मित्राने विचारलं.

"असेल कुणी हौशी. गळा बेताचाच आहे. तू गाण्याकडे नको रे लक्ष देऊस, आवाज ऐक. तानेआधीचा श्वास ऐकलास? आणि मागे खुर्ची करकरली ती?" नवऱ्याने समाधानाने डोळे मिटले.

गाणं संपता संपता, अगदी माइकला चिकटून, एक मुलगा बोलला, "मी आता जन्मभर हेच ऐकणार."

नवऱ्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हा कोण बावळट मध्येच तडमडला? चांगल्या रेकॉर्डिंगची वाट लावली."

लग्नाआधी, तिच्या गच्चीवर, मागून आणलेल्या टेपरेकॉर्डरवर तिच्या गाण्याची ही कॅसेट नवऱ्यानेच भरली होती.

तिने ती बाहेर काढली.

"होता एक," ती म्हणाली. "त्याला ऐकू यायचं."