तिसरा पुकारा

"बायनाबाई परमेश्वर, हाजिर हाय काऽऽ?"

शिपाई शहादेवने कोर्टाच्या दारात उभं राहून पहिला पुकारा दिला. नव्या इमारतीच्या गुळगुळीत भिंतींवरून आवाज घुमत गेला आणि फिरून त्याच्याच कानात आला. पन्नाशी उलटली तरी आपला आवाज वाढतोच आहे, असं वाटून तो सुखावला. ओ मात्र कुणी दिली नाही.

आठच दिवसांपूर्वी कोर्ट बाजारातल्या जुन्या दगडी इमारतीतून इथं बायपासच्या माळावर आलं होतं. तीन मजले, काचा, आत गार हवा. जुन्या कोर्टात शहादेवचा पुकारा अंगणातल्या कडुलिंबाच्या पलीकडं एसटी स्टँडापर्यंत जायचा. कपिलधारच्या धबधब्याखाली उभा केला तरी याची हाक वर ऐकू येईल, असं वकील मंडळी चिडवायची. नवखं माणूस आलं की तो स्वतःच सांगायचा, "आत कशाला गुदमरता? लिंबाखाली बसा बिनघोर. माजी हाक आली की या." सव्वीस वर्षांत त्याची हाक ऐकू न आल्याने कुणाची तारीख चुकली नव्हती. ओ आली नाही, म्हणजे माणूस आलेलंच नाही. याबद्दल कुणाला शंका नसायची. शहादेवला तर नाहीच.

दुसरा पुकारा त्याने जिन्याच्या तोंडाशी जाऊन दिला.

बायनाबाईची लेक करिष्मा सहा वर्षांपूर्वी सासरच्या विहिरीत सापडली होती. पाय घसरला, असं सासरचे म्हणत. आदल्या दिवशी तिने आईला फोन केला होता आणि नवरा जिवावर उठलाय, असं रडत सांगितलं होतं. हे कोर्टाला सांगणारी आता एकटी आईच उरली होती. बाकीचे साक्षीदार एकेक करून फिरले. करिष्माचा सासरा अर्जुनराव म्हणजे गावचा पुढारी, त्याच्यापुढं कुणाला काही आठवायचंच नाही. मागच्या दोन तारखांना बायनाबाई ऊसतोडीला लांब कारखान्यावर होती. आज शेवटची संधी, असं न्यायाधीशांनी लिहूनच ठेवलं होतं.

सरकारी वकिलांनी बाहेरच्या बाकड्यांवर नजर टाकली. बाकडी रिकामी होती. पिंजऱ्यात करिष्माचा नवरा शिवशंकर नखं कुरतडत होता. अर्जुनराव मागं डोळे मिटून बसला होता.

शहादेवच्या डोक्यात तिडीक गेली. परवा अर्जुनरावची जीप कारखान्याकडं गेल्याचं त्याने चहाच्या गाड्यावर ऐकलं होतं. म्हणजे हीही फिरली! सहा वर्षं लिंबाखाली डोळे पुसत बसलेली बाई, आणि ऐन वेळी पोटच्या पोरीवर पाणी सोडून मोकळी झाली. असल्या आईला काय म्हणावं? त्या रागातच त्याने तिसरा पुकारा दिला. इतका मोठा, की आत टाइप करणाऱ्या बाईंनी दचकून मान वर केली.

"न्हाई आली, साहेब," आत येऊन तो म्हणाला.

न्यायाधीशांनी सरकारी पुरावा बंद केला. निकाल काय लागणार, हे सांगायला आता ज्योतिषी नको होता. शिवशंकरने नखं कुरतडणं थांबवलं.

संध्याकाळी पाचला शहादेव घरी निघाला. सकाळी तो मागच्या दाराने आला होता, आता पुढच्या फाटकातून बाहेर पडला. फाटकापाशी उद्घाटनाच्या दिवशी पुढाऱ्यांनी लावलेलं लिंबाचं रोप होतं. गुडघ्याएवढंही नव्हतं. त्याच्या शेजारी, उन्हात, गाठोड्याला टेकून बायनाबाई बसली होती. हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे होते. डोक्यावरचा पदर तिने दोन्ही कानांच्या मागं सारला होता.

त्याला बघताच ती गुडघ्यांवर हात टेकत उठली.

"शहादेवभाऊ, घसा बसलाय का तुमचा? सकाळधरनं कान लावून बसलेय मी. माजं नाव कवा पुकारता?"