सहीची जागा

नागरिकशास्त्रासाठी मिळालेल्या अनुदानातून शहापूरकडच्या शाळेत आज मुलांची ग्रामसभा भरली होती. "खऱ्या ग्रामसभेत होतं तसंच करा," गुरुजींनी बजावलं होतं. चिठ्ठ्या टाकून मुलांनी दामिनीला सरपंच निवडलं. तिची आई भागीरथी गावची खरी सरपंच; चटईवर बायकांत बसून कौतुकानं बघत होती. भागीरथीचा नवरा नेहमीसारखा पाहुण्यांशेजारी खुर्चीत. दामिनीनं वर्गातल्या भाविकला सरपंचाच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः पेन घेऊन खाली बसली. "अगं, सरपंच तू ना?" गुरुजींनी विचारलं. "हां, म्हनून सही मीच करनार. आमची आय असंच करते." सगळे हसले, नवरा सगळ्यांत मोठ्यानं. पुढच्या वर्षीच्या अनुदानाचा कागद खऱ्या सरपंचाच्या सहीसाठी भागीरथीपुढे आला. नवऱ्यानं बोट ठेवलं, "हितं कर." भागीरथीनं पेन उघडलं. दामिनी बघत होती. भागीरथी कागद पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. नवऱ्याचं बोट हललं नाही.