तुम्ही इथे आहात

विटलेलं तांबडं लुगडं, काठ मात्र अजून शाबूत.

जांभ्या दगडावर रंगवलेला पिवळा बाण.

राखणदाराने साद घातली तर ओ द्यायची नसते.

अर्धी ओढलेली विडी.

भर उन्हात मोबाइलवरचा नकाशा दिसत नाही, वर हाताची सावली धरावी लागते.

महेशने सावली धरली. इब्रामपूरचा अख्खा सडा, जांभ्याचं ते उघडं पठार, त्या तळहाताएवढ्या काचेत मावला होता. सकाळी काजूचे बोंडू गोळा करायला गेलेली त्याची आई, सोनाबाई, दुपार कलली तरी परतली नव्हती. वाड्यावरची, सगळ्या वस्तीतली माणसं काठ्या आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन भोवती उभी होती. आईसाठी एवढे लोक कामं टाकून आले, याचं त्याला बरं वाटलं. सगळे आपल्या बोटाकडे बघताहेत, याचं त्याहून बरं वाटलं.

"धाकूदादा, तू व्हाळाकडेन पळय. जयराम, तू चिरेखणीकडेन. गावली तर फोन कर."

"आनी मदली वाट?" जयरामने विचारलं.

"थंय कित्याक? राखणदाराच्या जाग्यार आमच्यातलें कोण वता?"

कोणीच जात नव्हतं. मधली वाट सड्यावरून सरळ काजूच्या बागेत उतरायची. पण शिमगा झाला आणि एका सकाळी तिच्या तोंडाशी, कुंभ्याच्या झाडाला, तांबड्या चिंध्या बांधलेल्या दिसल्या. खाली नारळ, विडी, द्रोणात घोटभर हुर्राक, काजूची दारू. सीमेची राखण करणाऱ्या देवाने, राखणदाराने, जागा धरली म्हणायची. लोकांनी लांबूनच हात जोडले. गवताचे भारे आणणाऱ्या बायका, गुरं, लाकडं, सगळं त्या दिवसापासून चिऱ्यांच्या खणीकडून वळसा घालून येऊ लागलं.

चिंध्या महेशने बांधल्या होत्या. विडीही अर्धी त्यानेच ओढली होती. तांबडं कापड त्याने बायकोकडे, गौरवीकडे मागितलं. तिने ते कुठून आणलं हे त्याने विचारलं नाही.

मधल्या वाटेवरून त्याला पर्यटकांना चार चाकांच्या मोटारसायकली फिरवायला द्यायच्या होत्या. पलीकडच्या रस्त्यापासून काम उरकत आणलं होतं. दगडादगडावर बाण रंगवले. सगळी वाट चालून जीपीएसवर चढवली. नकाशाचा मोठा फलक उभा केला: वर इंग्रजी, मध्ये कोंकणी, खाली मराठी, म्हणजे कुणाशी वाद नको. वाटेत भारे आणि शेण आलेलं पाहुण्यांना खपत नाही, असं म्हापशाचा भागीदार म्हणाला होता. भांडून वाट अडवली असती तर गाव अंगावर आलं असतं. चिंध्यांनी ते काम मुकाट्याने केलं. रविवारी उद्घाटन होतं.

"आयकात मरे," गौरवी सासूचं काही सांगायला पुढे आली. "मांय त्या मदल्या वाटेन..."

"तू ओगी रव."

"तशें न्हय, मांयक..."

"तुका सांगलें न्हय? घरा वच आनी सगळ्यांक च्या कर!"

चिंध्यांचं खरं तिला ठाऊक होतं. एक शब्द इकडचा तिकडे झाला असता तर वाड्याने फलक उखडून व्हाळाच्या पाण्यात टाकला असता. शिवाय आईइतकी भित्री बाई वाड्यावर दुसरी नव्हती. आभाळ गडगडलं तरी ती राखणदाराचं नाव घ्यायची. गौरवी चहा करायला गेली.

माणसं फिरली. महेशच्या पडद्यावर निळी रेघ लांबत गेली. व्हाळ झाला, खण झाली, बाग वरून खालपर्यंत झाली. ऊन पिवळं पडलं. धाकू परत आला, घटाघट पाणी प्याला आणि पायरीवर बसला.

"महेश, एक सांगूं? दनपारां हांव वासरू सोदूंक सड्यार गेल्लों. त्या चिंध्यांच्या पलतडी कोण तरी साद घालतालें. बायलेचो आवाज."

"मागीर?"

"मागीर कितें? कान धांपले आनी आयलों. थंय ओ कोण दितलो?"

सगळ्यांनी माना हलवल्या. धाकूने केलं ते बरोबरच होतं.

महेश धावत सुटला. मागून माणसं धावली. कुंभ्यापाशी सगळी थबकली. तो चिंध्यांखालून आत शिरला.

बोंडवांची टोपली बाणाशेजारी उलटली होती. तिथून अंग ओढत नेल्याची खूण फलकापर्यंत गेली होती. उघड्या सड्यावर तेवढीच सावली. सोनाबाई तिच्यात निजली होती, एक पाय घोट्यापाशी भलतीकडे वळलेला, ओठांवर मुंग्या. वर फलकावर, महेशने स्वतः रंगवलेल्या तांबड्या ठिपक्याशेजारी लिहिलं होतं: तुम्ही इथे आहात.

त्याने तिला हात लावला. अंग गरम होतं. पण सड्याचा दगडही तेवढाच गरम होता.

"येयात रे!" तो ओरडला. "आईक उखलूंक येयात!"

कोणी हललं नाही.

"राखणदार नाय रे हांगा! त्यो चिंध्यो हांवें बांदल्यात! हांवें!"

चिंध्यांच्या अलीकडे माणसांनी एकमेकांकडे पाहिलं.

"राखणदारान धरलो ताका," धाकू हळूच म्हणाला.

महेश हाका मारत राहिला. कोणी ओ दिली नाही.

लुगडं सोनाबाईचं होतं. चिंध्या कशासाठी हव्यात ते गौरवीने तिला सांगितलं होतं, आणि तिने त्या ओसरीवर बसून, हसत हसत, स्वतः फाडून दिल्या होत्या.